साहित्य आणि राजकारण जोडणारा गटप्रकल्प: प्रश्न ठरवण्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत

गटप्रकल्पाची फाइल उघडली की पहिल्या दहा पानांतच कळतं, हा प्रकल्प चौघांनी मिळून केलाय की चौघांनी वेगवेगळा करून शेवटच्या रात्री एकत्र चिकटवलाय. साहित्य आणि राजकारण या जोडविषयात तर ते फारच लवकर उघड होतं. पहिल्या प्रकरणात लेखकाचं चरित्र, दुसऱ्यात कथानक, तिसऱ्यात त्या काळाची राजकीय पार्श्वभूमी, चौथ्यात निष्कर्ष. साहित्य घेतलेल्या दोघांनी पहिली दोन लिहिलेली असतात, राज्यशास्त्र घेतलेल्या दोघांनी उरलेली. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी ठीकच असतं. पण त्या साहित्यकृतीचा राजकारणाशी नेमका संबंध कुठे आला, हे एकाही पानावर सापडत नाही, कारण ते पान कोणाच्याच वाट्याला आलेलं नसतं.

असे प्रकल्प अनेक वर्षं तपासल्यावर आणि विद्यार्थ्यांसोबत बसून करून घेतल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: बिघाड वाटणीत असतो. काम विषयानुसार वाटलं की प्रकल्प दुभंगलाच म्हणून समजा. पुराव्याच्या प्रकारानुसार वाटलं तर तो जुळतो. म्हणजे काय करायचं, ते पायरी-पायरीने सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतो: कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’. हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. तुमची साहित्यकृती दुसरी असेल, भाषाही दुसरी असेल. पद्धत तीच चालते.

आधी प्रश्न ठरवा

‘स्वातंत्र्य चळवळ आणि मराठी नाटक’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर चार जणांनी चार महिने घालवले तरी हाती माहितीचा ढीगच येईल. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही आणि जे चुकीचंही ठरू शकतं. उदाहरणार्थ, ‘महाभारतातलं कथानक असलेल्या नाटकाची भीती ब्रिटिश सरकारला का वाटली? ती संहितेतल्या कशामुळे वाटली, की प्रेक्षकांच्या प्रतिसादामुळे?’ या प्रश्नात साहित्य आणि राजकारण वेगळं काढताच येत नाही. संहिता न वाचता उत्तर देता येत नाही आणि सरकारी कारवाई न तपासताही देता येत नाही. प्रश्न निवडताना हीच कसोटी लावा: गटातला एखादा सदस्य फक्त आपल्या विषयाचं वाचून याचं पूर्ण उत्तर देऊ शकेल का? देऊ शकत असेल, तर प्रश्न बदला.

पहिल्या बैठकीत प्रश्न ठरवायची घाई करू नका. प्रत्येकाने तीन प्रश्न लिहून आणावेत, ते मोठ्याने वाचावेत आणि दोन दिवस तसेच पडू द्यावेत. दुसऱ्या बैठकीत त्यातले अर्धे आपोआप गळतात.

साहित्यकृती कोणती घ्यावी

एकच घ्या. फार तर तुलनेसाठी दुसरी. पाच कादंबऱ्यांचा आढावा घेणाऱ्या गटाने बहुधा एकही कादंबरी नीट वाचलेली नसते.

निवडताना तीन गोष्टी पाहा. संहिता सगळ्यांना पूर्ण मिळते का? चौघांकडे एकच आवृत्ती आहे का? (वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे पानांचे क्रमांक जुळत नाहीत आणि मग अवतरणं तपासताना शेवटचा आठवडा वाया जातो.) आणि त्या कृतीने संहितेबाहेर काही माग सोडलाय का? परीक्षणं, बंदीचे हुकूम, खटले, सभागृहातली चर्चा, प्रस्तावना, वाद. कृती उत्तम असेल, पण तिच्याभोवती असा एकही कागद सापडत नसेल, तर तिचा राजकीय परिणाम तुम्ही फक्त कल्पनेने लिहाल.

चार रकाने

माझ्या मते या पद्धतीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

एक सामायिक तक्ता करा. प्रत्येक आडव्या ओळीत साहित्यकृतीतला एक प्रसंग, एक कविता किंवा एक उतारा. उभे रकाने चार: संहितेत काय आहे, त्या काळच्या वाचक-प्रेक्षकांनी ते कसं घेतलं, सत्तेने काय केलं, आणि आज आपण ते कसं वाचतो. चौघांचा गट असेल तर एकेका रकान्याची जबाबदारी एकेकाकडे. पाच जण असतील तर पाचवा कालरेषा सांभाळेल, तिच्याबद्दल पुढे येईलच. तिघे असतील तर शेवटचा रकाना सगळ्यांनी मिळून भरायचा.

या वाटणीचा फायदा काम सुरू झाल्याबरोबर जाणवतो. कोणीही आपला भाग एकट्याने संपवू शकत नाही. प्रसंग कोणते निवडायचे हे चौघांना मिळून ठरवावं लागतं आणि एक ओळ पूर्ण व्हायला चौघांची नोंद लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सत्तेचा रकाना द्या, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला संहितेचा. सुरुवातीला दोघेही कुरकुरतात. पण ज्याला आपला विषय येतो, तो गृहीत धरून चालतो. ज्याला येत नाही, तो विचारतो.

आता ‘कीचकवध’ची एक ओळ भरून पाहू. प्रसंग असा: सैरंध्रीच्या रूपातल्या द्रौपदीवर कीचकाची नजर आहे, आणि तिला कसं सोडवायचं यावर युधिष्ठिर व भीम यांचं जमत नाही.

पहिल्या रकान्यात संवाद जसेच्या तसे, पृष्ठक्रमांकासह. इथेच एक काम बहुतेक गट विसरतात: मूळ कथेशी तुलना. महाभारताच्या विराटपर्वातही भर सभेत द्रौपदीचा अपमान होतो तेव्हा युधिष्ठिर भीमाला आवरतो. म्हणजे ‘एक भाऊ सबुरीचा, दुसरा तडकाफडकी’ ही रचना खाडिलकरांची नव्हे. त्यांनी त्यात काय वाढवलं, काय वगळलं, कोणाच्या तोंडी जास्त वाक्यं दिली, हे शोधायचं. लेखकाने जुन्या कथेत केलेला बदल हा त्याच्या राजकारणाचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो, आणि तो ग्रंथालयात बसून, दोन पुस्तकं शेजारी ठेवून मिळतो.

दुसऱ्या रकान्यात प्रेक्षक. लंडनच्या ‘टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१०च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या नाटकाबद्दल लिहिलं आहे. १९०५ पर्यंत व्हाइसरॉय असलेल्या कर्झनचं नाव नाटकात कुठेही नाही, तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे नाट्यगृहात प्रत्येकाला ठाऊक असतं, असा त्याचा आशय. हे वाचून गट खूश होतो: रूपकाचा पुरावा सापडला! इथे थांबायचं. हा साक्षीदार कोण? टिळकांच्या राजकारणाचा कडवा विरोधक. याच पुस्तकावरून टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये बदनामीचा खटला भरला आणि १९१९ मध्ये ते तो हरले. शिवाय खाडिलकर ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. म्हणजे नाटक राजद्रोही आहे हे दाखवण्यात चिरोलला रस होता. म्हणून त्याची साक्ष फेकून द्यायची नाही, पण तिच्यापुढे ‘विरोधकाची साक्ष’ असं लिहायचं आणि दुसरी साक्ष शोधायची: त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांतली परीक्षणं, नाटकवाल्यांच्या आठवणी. मित्राची साक्ष मिळाली तर तिच्यापुढेही तसंच लिहायचं.

तिसऱ्या रकान्यात सत्ता. बंदी १९१० ची. त्यासाठी १८७६चा नाट्यप्रयोग कायदा हाताशी होता. इथे मिळणारा प्रश्न सोन्यासारखा आहे: १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेलं नाटक १९१० पर्यंत का चालू दिलं? मधल्या काळात काय बदललं? नाटक तेच होतं, मग सरकार तरी तेच होतं का? १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनची हत्या झाली. तीही एका नाट्यगृहात, नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी. या घटनांचा बंदीशी संबंध होता असं लगेच लिहायचं नाही. सरकारी कागदांत तो दिसतो का, हे शोधायचं, आणि काय दिसलं तेवढंच नोंदवायचं.

चौथा रकाना तुमचा. इथे तुम्ही असं काही विचारू शकता जे त्या काळी कोणी विचारलं नसेल. उदाहरणार्थ, देशाला स्त्रीचं रूप देऊन तिच्या रक्षणासाठी पुरुषाला हाक देणं, यातून स्त्रीची कोणती प्रतिमा तयार होते? हा प्रश्न आजचा आहे हे मान्य करून विचारला तर तो अगदी रास्त आहे. मात्र चौथ्या रकान्यातलं पहिल्यात शिरू देऊ नका. बहुतेक वादांचं मूळ तिथेच असतं.

कालरेषा

भिंतीवर लांब कागद लावा किंवा सामायिक फाइलमध्ये करा, पण करा. वर साहित्यकृतीच्या तारखा, खाली राजकीय घटनांच्या. कर्झन १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये हिंदुस्थान सोडून गेला. नाटक १९०७ चं. म्हणजे ‘जुलमी व्हाइसरॉय डोक्यावर बसलेला असताना लिहिलेलं नाटक’ हे वाक्य टिकत नाही. काँग्रेसमध्ये सुरतेला फूट पडली डिसेंबर १९०७ मध्ये, आणि नाटक त्याआधी रंगभूमीवर आलेलं. म्हणून ‘सुरतच्या फुटीचं चित्रण’ हेही चूक. मवाळ-जहाल ताण आधीपासून होता, एवढंच म्हणता येतं. अशी चूक कालरेषा पाच मिनिटांत दाखवते.

कारण आणि परिणाम यांची गल्लतही इथेच सापडते. दीनबंधु मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ या बंगाली नाटकामुळे निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठाव झाला, असं विद्यार्थी सर्रास लिहितात. उठाव १८५९ मध्ये सुरू झाला होता, नाटक प्रसिद्ध झालं १८६० मध्ये. नाटकाची खरी राजकीय ठिणगी पुढे पडली: १८६१ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या मिशनऱ्याला एक महिना कैद आणि १,००० रुपये दंड झाला. मूळ बंगाली नाटकावर नव्हे, भाषांतरावर खटला का, यावर अख्खा प्रकल्प उभा राहील.

उलट टोकाचं उदाहरण अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’चं. मांस कारखान्यांतल्या मजुरांची पिळवणूक लोकांना दिसावी म्हणून त्याने ती कादंबरी लिहिली. १९०६ मध्ये पुस्तक आलं आणि वाचक हादरले ते मांसाच्या अस्वच्छतेने. त्याच वर्षी ३० जूनला अमेरिकेत मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. लेखकाचा हेतू एक, परिणाम दुसरा. शिवाय अन्नशुद्धीची मोहीम कादंबरीच्या कितीतरी आधीपासून चालू होती, त्यामुळे ‘कादंबरीने कायदा घडवला’ असं न म्हणता ‘कादंबरीने रेटा वाढवला’ असं म्हणणं जास्त खरं. क्रियापद निवडताना एवढी काटकसर करा.

वाचन आणि नोंदी

साहित्यकृती सगळ्यांनी पूर्ण वाचायची. सारांशावर भागवणारा एक जण गटात असला तरी त्याचा रकाना पोकळ राहतो. पहिलं वाचन एकेकट्याने, कोणाशी न बोलता. खटकलेल्या, न कळलेल्या, हलवून गेलेल्या जागा पेन्सिलने खुणावून. मग पहिल्या चर्चेत फक्त त्या खुणा सांगायच्या. चौघांनी एकाच पानावर खूण केली असेल तर ती तक्त्यातली पहिली ओळ.

नोंद करताना तीन गोष्टी एकत्रच लिहा: अवतरण, पान, आणि ते कशासाठी घेतलं त्याचं एक वाक्य. हे तिसरं वाक्य टाळलं तर महिन्याने स्वतःचीच नोंद परकी वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेलं कोणतंही अवतरण, पुस्तकाचं पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तक्त्यात घेऊ नका. ही साधनं अस्तित्वात नसलेली वाक्यंही अगदी ठामपणे देतात.

दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली, अभिलेखागारातली कागदपत्रं, विधिमंडळ आणि संसदेतल्या चर्चांचे छापील वृत्तान्त, न्यायालयांचे निकाल हे खरे झरे. ब्रिटिश काळासाठी आणखी एक साधन आहे: देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे सरकार नियमित तयार करून घेई. ते उपयोगी आहेत, पण तिथे काय घ्यायचं हे सरकारने ठरवलेलं असतं. म्हणून त्या नोंदी दुसऱ्या रकान्यात अर्ध्याच बसतात. उरलेल्या अर्ध्या तिसऱ्यात. अभिलेखागारात जायचं असेल तर महाविद्यालयाचं पत्र पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा.

गटातले मतभेद

या विषयात भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत. गटातले चौघे एकाच राजकीय मताचे असतील तर मला जास्त काळजी वाटते, कारण मग कोणीच कोणाला पुरावा मागत नाही.

वाद सुरू झाला की एक साधा नियम लावा: बोलणाऱ्याने आधी रकाना सांगायचा. ‘हे मी संहितेबद्दल बोलतोय’, ‘हे माझं आजचं मत आहे’. अर्धे वाद एवढ्यावरच निवळतात, कारण दोघे वेगवेगळ्या रकान्यांबद्दल बोलत असतात. उरलेल्या वादात प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो म्हणेल, ‘हो, हेच म्हणायचंय मला.’ त्यानंतरच उत्तर. तरीही एकमत झालं नाही तर बहुमताने निकाल लावू नका. अहवालातच लिहा की या प्रसंगाबाबत गटात दोन वाचनं आहेत, आणि दोन्हींचा आधार द्या. परीक्षक अशा पानावर थांबतो.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. जात, धर्म, लिंग, विस्थापन यांबद्दलचं साहित्य वाचताना गटातल्या एखाद्या मित्राचं किंवा मैत्रिणीचं आयुष्यच त्या पुस्तकात असू शकतं. तिला ‘तू सांग ना, तुमच्याकडे कसं असतं’ असं विचारून साक्षीदार बनवू नका. ती गटात अभ्यासक म्हणून आली आहे. तिला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ऐका, आणि ते अहवालात घ्यायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या. एका गटात अशी एक मुलगी दोन बैठकांनंतर गप्प झाली होती, आणि का ते आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हापासून पहिल्याच बैठकीत मी हे बोलतो.

काम न करणाऱ्या सदस्याबद्दल थोडक्यात: मुदती छोट्या ठेवा. ‘महिनाअखेर प्रकरण’ ऐवजी ‘गुरुवारपर्यंत दोन ओळींचे रकाने’. दोन गुरुवार चुकले की एकाने, सगळ्यांसमोर नव्हे, जाऊन विचारायचं. बहुतेकदा अडचण खरी असते: पुस्तक मिळालेलं नसतं किंवा भाषा अवघड गेलेली असते. आणि निर्णय व्हॉट्सॲपवर घेऊ नका. तिथे घेतलेला निर्णय दोन दिवसांत दोनशे मेसेजखाली गाडला जातो. प्रत्येक बैठकीनंतर सामायिक फाइलच्या वरच्या बाजूला तीन ओळी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत.

लेखन

आठ आठवडे हातात असतील तर प्रश्न आणि निवडीला एक, वाचनाला दोन, तक्त्याला तीन, लेखनाला दोन असा हिशेब ठेवा. लेखनाला कमी वेळ वाटेल, पण तक्ता भरलेला असेल तर पुरतो.

प्रकरणं रकान्यांची करू नका; तसं केलंत तर सुरुवातीची चूक नव्या नावाने परत येईल. तक्त्यातल्या सगळ्यात भरलेल्या तीन-चार आडव्या ओळी निवडा. एकेका ओळीचं एकेक प्रकरण. म्हणजे प्रत्येक प्रकरणात संहिता, वाचक, सत्ता आणि तुम्ही असे चारही येतात. खर्डा दोघांनी शेजारी बसून लिहावा, एक बोलणारा, एक टंकणारा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पूर्ण मसुदा झाला की एकाच सदस्याने तो सलग पुन्हा लिहून एका आवाजात आणावा, आणि दुसऱ्याने तो मोठ्याने वाचावा. लेखक बदललेली जागा कानाला लगेच कळते.

काही शब्द खर्ड्यातून शोधून काढून टाका: ‘आरसा’, ‘प्रतिबिंब’, ‘प्रभाव’, ‘पडसाद’. हे शब्द जिथे येतात तिथे बहुधा काम राहिलेलं असतं. ‘या नाटकात तत्कालीन राजकारणाचे पडसाद उमटतात’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणत्या प्रसंगात, कोणती घटना, कोणाला ऐकू आली? एवढं लिहिलंत की ‘पडसाद’ची गरज उरत नाही.

सादरीकरण आणि तोंडी परीक्षा

पडद्यावर कमी मजकूर, आणि एक तरी उतारा मोठ्याने वाचून दाखवा. नाटक असेल तर दोघांनी संवाद म्हणा. ज्या ओळींना सरकार घाबरलं असं तुम्ही म्हणता, त्या ऐकू तर आल्या पाहिजेत.

तोंडीसाठी सराव असा करा: आदल्या दिवशी रकान्यांची अदलाबदल. ज्याने सत्तेचा रकाना भरला त्याला संहितेवरचे प्रश्न, संहितावाल्याला बंदीवरचे. प्रत्येकाला पाच प्रश्न, त्यातला एक असा: ‘तुमचा निष्कर्ष चुकीचा ठरवायचा असेल तर कोणता कागद सापडायला हवा?’ याचं उत्तर चौघांनी आपापल्या शब्दांत, न अडखळता दिलं, की दिवे मालवून झोपायला जा.